घरामागच्या कोंबड्यांचा कळप वाढवताना: मुंबई परिसरातल्या पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती गोराई, उत्तन, मढ, आरेतले पाडे, वसई, कल्याण, बदलापूर अशा ठिकाणी घराशेजारी थोडीफार मोकळी जागा असलेल्यांसाठी आहे. सहा-आठ कोंबड्या आधीपासून आहेत आणि त्या वीस-पंचवीसपर्यंत न्यायच्या आहेत, असं इथे धरलं आहे. हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीचं गणित निराळं असतं, ते यात नाही.

माझ्या जागेत जास्तीत जास्त किती कोंबड्या मावतील?

खुराड्याच्या आत एका कोंबडीला 4 चौरस फूट आणि बाहेर फिरायला 10 चौरस फूट धरा. मुंबईत हिशेब आतल्या जागेवरूनच करायचा, कारण जून ते सप्टेंबर अंगणात चिखल असतो आणि कोंबड्या दिवसचे दिवस आतच काढतात. 8 बाय 10 फुटांचं खुराडं म्हणजे 20 कोंबड्या. दिवाळीत त्याच खुराड्यात 30 आरामात राहताना दिसतील, पण जुलैत त्याच 30 एकमेकींची पिसं उपटू लागतील.

बसायच्या दांडीवर प्रत्येकीला 8 ते 9 इंच लागतात. दांडी लाकडाची घ्या, कडा तासून गोल करा आणि भिंतीपासून फूटभर लांब लावा. गिरिराजसारख्या वजनदार जातींसाठी ती दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको. रोज उंचावरून धपकन उतरून तळपायाला गाठी होतात, आणि त्या बऱ्या व्हायला फार वेळ घेतात. अंड्याची पेटी 12 बाय 12 इंचांची, दर पाच कोंबड्यांमागे एक, आणि दांडीपेक्षा खाली. पेटी वर असली तर कोंबड्या रात्री तिच्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात.

याशिवाय 3 बाय 4 फुटांचा एक वेगळा पिंजरा हवाच. आजारी, नवी, जखमी किंवा खुडूक (अंड्यांवर बसून राहणारी) कोंबडी ठेवायला तो लागतो. कळप वाढवायचं मनात आलं की लोक आधी पिल्लं आणतात आणि पिंजरा मागाहून, गरज पडल्यावर, मिळेल त्या खोक्यातून बनवतात. क्रम उलटा हवा. त्या पिंजऱ्याला जागा नसेल तर कळप वाढवायलाही जागा नाही असं समजा.

परवानगी लागते का? सोसायटीत पाळता येतील का?

महापालिकेच्या हद्दीत आधी वॉर्ड ऑफिसात लेखी विचारून घ्या, गावठाणात किंवा ग्रामपंचायत हद्दीत ग्रामपंचायतीला. अंडी-कोंबड्या विकायच्या असतील तर हे टाळूच नका. सोसायटीत मात्र आमचं मत स्पष्ट आहे: गच्चीवर किंवा बाल्कनीत कळप वाढवू नये. वास, माश्या आणि पिसं खालच्या मजल्यावर जातात. कोंबडा पहाटे चार-साडेचारला आरवतो, आणि ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा 45 डेसिबल आहे. कोंबडा ती सहज ओलांडतो. तक्रार झाली की बाजू पाळणाऱ्याची लंगडी पडते.

कळप वाढवायला कोणता महिना चांगला?

ऑक्टोबर. पाऊस सरलेला असतो, जमीन सुकलेली असते, डास ओसरू लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक दिवसाची पिल्लं आणली तर साधारण 20 ते 22 आठवड्यांनी, म्हणजे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, ती अंड्यावर येतात. तेव्हा दिवस मोठा होत असतो, ते अंड्यांच्या पथ्यावर पडतं. शिवाय त्या तुकडीतले कोंबडे थर्टी फर्स्टला बारा आठवड्यांचे, गिर्‍हाईक मिळेल अशा वजनाचे होतात.

दुसरी चांगली वेळ फेब्रुवारी. त्या पिल्लांतले जास्तीचे कोंबडे गटारीच्या आधी विकता येतात. नंतर श्रावण लागला की मागणी पडते आणि आरवणारे सात-आठ कोंबडे महिनाभर फुकट पोसावे लागतात.

मे-जूनमध्ये पिल्लं आणू नका. पावसाळी दमटपणात रक्ती हगवणीचे जंतू गादीत (खाली पसरलेल्या तुसाच्या थरात) झपाट्याने वाढतात आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं नेमकी तिलाच बळी पडतात.

कोणती जात घ्यावी?

अंडी हवीत की मटण, हे आधी ठरवा. ग्रामप्रिया परसात वर्षाला साधारण 160 ते 180 अंडी देते, वनराज शंभर-सव्वाशेच्या आसपास, पण तिचं वजन चांगलं भरतं. गावठी कोंबडी 50 ते 70 वर थांबते, मात्र ती स्वतः पिल्लं काढते, घार दिसली की झुडपात दडते आणि आजारातही बऱ्यापैकी तग धरते. गिरिराज, आरआयआर (र्‍होड आयलंड रेड), ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या मधल्या जाती दोन्हीला चालतात.

कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंडी कमी, वाढ सावकाश. भाव ऐकून लोक घेतात आणि गिर्‍हाईक शोधत बसतात. विकत घेणारा आधी पक्का असेल तरच घ्या. पांढऱ्या लेयर (अंड्यांच्या व्यापारी पोल्ट्रीतल्या) कोंबड्या परसासाठी नकोत, त्यांना कंपनीचं खाद्य रोज मोजून लागतं आणि त्या शिकाऱ्याला लगेच सापडतात.

पिल्लांसाठी गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारच्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा. टोपलीत रंगवलेली पिल्लं सिग्नलवर किंवा रेल्वे स्टेशनबाहेर मिळतात, ती अजिबात घेऊ नका. ती लेयर हॅचरीतली टाकून दिलेली नर पिल्लं असतात, लस न टोचलेली.

आठ अंड्याच्या कोंबड्या वाढवायच्या असतील तर पिल्लं किती आणू?

वीस. नर-मादी न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात, दोन-एक पिल्लं पहिल्या महिन्यात जातात, उरतात आठ-नऊ माद्या. पाच-सहा आठवड्यांत नरांचा तुरा लालसर आणि मोठा दिसू लागतो. दहाव्या आठवड्यापासून कमरेवरची पिसं टोकदार होतात, तेव्हा नर वेगळे काढा.

ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देऊन वाढवणं) करायला वेळ नसेल तर 10 ते 12 आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घ्या. महाग पडतात, पण लसी झालेल्या असतात आणि पहिल्या महिन्याची मरतूक दुसऱ्याने सोसलेली असते. मात्र लसीची तारीख आणि नाव लिहून मागा. नुसत्या “सगळं झालंय” वर विश्वास ठेवू नका.

पहिल्या चार आठवड्यांत पिल्लांना ऊब कशी द्यायची?

25 पिल्लांसाठी 3 ते 4 फूट व्यासाचं, दीड फूट उंच पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कुंपण करा. गोलच करा, चौकोनात पिल्लं कोपऱ्यात गर्दी करून चिरडतात. खाली दोन इंच भाताचं तूस आणि पहिले तीन दिवस त्यावर गोणपाट. नुसता वर्तमानपत्राचा कागद निसरडा असतो, पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात.

उबेसाठी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवा लागतो, पिल्लामागे 2 वॅट. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. हल्ली हा घोटाळा सर्रास होतो: दिवा रात्रभर चालू आणि पिल्लं थंडीने मेलेली. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला 2.5 ते 3 अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली ढीग करून चिवचिवत असली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोच उघडी टाकली असेल तर दिवा वर घ्या. सगळीकडे सारखी पसरली आणि खात-पीत असली की ठीक. मुंबईत दिवसा दिवा बहुतेकदा बंदच ठेवावा लागतो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडून.

पिल्लं आणल्यावर आधी पाणी, खाद्य दोन-तीन तासांनी. कोमट पाण्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट चालेल. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, म्हणजे त्याला पाणी कुठे आहे ते कळतं. पाण्याच्या थाळीत गोटे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात.

बाजारातून एक-दोन मोठ्या कोंबड्या आणून थेट कळपात सोडल्या तर?

हाच सर्वांत महाग पडणारा मार्ग. आठवडी बाजारात किंवा चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यात दहा ठिकाणचे पक्षी एकत्र असतात. दिसायला तुकतुकीत कोंबडीच्या अंगात मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) किंवा सर्दीचा जंतू असू शकतो. प्रवासाच्या ताणाने तो चार-पाच दिवसांत बाहेर पडतो, तोवर ती तुमच्या कळपाच्या भांड्यातून पाणी प्यायलेली असते.

नवा पक्षी 30 दिवस वेगळा ठेवा. वेगळा म्हणजे त्याच खुराड्यात जाळी लावून नव्हे. निदान 30-40 फूट लांब, वाऱ्याची दिशा बघून. त्याची भांडी वेगळी. आधी जुन्या कोंबड्यांचं काम उरकायचं, मग नव्यांचं, आणि नव्यांकडे जाताना चप्पल बदलायची. विष्ठेचा रंग, नाक-डोळ्यांतलं पाणी, पंखाखाली आणि गुदद्वाराजवळ उवा, पायाच्या खवल्यांवर पांढरा थर, हे रोज बघायचं. त्याच काळात जंताचं औषध एकदा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात जुन्या कळपातली एक साधी कोंबडी त्यांच्याबरोबर ठेवा. ती आजारी पडली तर एकच गेली, कळप वाचला.

जुन्या आणि नव्या कोंबड्या एकत्र कशा करायच्या? जुन्या फार मारतात.

मारणारच. कळपात प्रत्येकीची जागा ठरलेली असते आणि नवी आली की ती पुन्हा ठरते. ते थांबवता येत नाही, रक्त निघू न देणं एवढंच हातात असतं.

नव्या तलंगा जुन्यांच्या आकाराच्या झाल्याशिवाय मिसळू नका, म्हणजे 14 ते 16 आठवड्यांआधी नाही. एकटी कधीच सोडू नका, निदान तिघी एकदम. महिनाभराचं विलगीकरण संपलं की खुराड्यातच मधे जाळी लावून दहा-बारा दिवस एकमेकींना बघू द्या. जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी जाळीला लागून खाद्याची भांडी ठेवा, म्हणजे समोरासमोर उभं राहून खायची सवय होते. मग एखाद्या रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, नव्यांना उचलून त्यांच्या मधे बसवा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिथे हजर राहा. भांडण व्हायचंच असेल तर पहाटे दांडीवरून उतरताना होतं.

पहिला आठवडा खाद्य आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. भांडं एकच असलं की एक धटिंगण कोंबडी त्यावर ठाण मांडते आणि नवी दिवसभर उपाशी राहते. पालेभाजीची जुडी दोरीने लटकवून ठेवली की टोचायला दुसरं काही मिळतं. कोपऱ्यात एक फळी तिरकी टेकवून ठेवा, पळणारीला आडोसा होतो. रक्त दिसलं की ती कोंबडी त्याच क्षणी बाहेर काढा. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात, आणि तासाभरात मांस उघडं पडतं. जखमेवर जांभळं जेन्शन व्हायोलेट लावा, त्याने लाल झाकलं जातं.

सतत मारणारी एकच असेल तर तिला पिंजऱ्यात पाच-सहा दिवस ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा खाली गेलेली असते. मार खाणारीला वेगळं काढून उपयोग होत नाही, ती परतली की पुन्हा तळालाच.

कोंबडे किती ठेवावेत?

8 ते 10 कोंबड्यांमागे एक, तोही पिल्लं काढायची असतील तरच. खाण्याच्या अंड्यांना कोंबडा लागत नाही. जास्त कोंबडे असले की माद्यांच्या पाठीची पिसं झडतात.

लसी कोणत्या आणि कधी?

मरेक्स (पाय लुळे पाडणारा रोग) याची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचलेली असावी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची सौम्य लस), डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीतून दुहेरी सुईने. आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिलि. आर-टू-बी ही जोरकस लस आहे. आधी लासोटा न दिलेल्या किंवा अशक्त पिल्लाला ती देऊ नका, पाय लुळे पडू शकतात. मोठ्या पक्ष्यांना पुढच्या मात्रा कधी द्यायच्या ते पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरवून घ्या.

देवी डासांमधून पसरते, म्हणून मुंबईत मोठ्या पक्ष्यांचीही देवीची लस मेअखेर पूर्ण झालेली हवी. लस दिल्यावर आठव्या दिवशी पंख उलगडून बघा. टोचल्या जागी गाठ आली नसेल तर लस लागलेली नाही, पुन्हा द्या.

पाण्यातून लस देताना नळाचं पाणी चालत नाही. त्यातलं क्लोरीन जिवंत लस मारून टाकतं. पाणी उकळून गार करा आणि लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. आधी दोन तास कोंबड्यांचं पाणी काढून ठेवा म्हणजे लसीचं पाणी लवकर संपतं. बाटली फोडल्यापासून दोन तासांत सगळं संपलं पाहिजे. बाटली 100 किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, तुमच्या 20 कोंबड्यांसाठी बाकीची वाया. आळीतल्या चार-पाच पाळणाऱ्यांनी एकच दिवस ठरवला तर खर्च वाटला जातो, आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांनाही लस झाल्याने तुमचाही धोका कमी होतो. दुकानातून घरी आणताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. लोकलच्या गर्दीत तासभर पिशवीत गरम झालेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

खाद्य किती लागतं? घरातलं उरलंसुरलं चालेल का?

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम. 20 कोंबड्यांना साधारण 2.3 किलो, म्हणजे 50 किलोची गोण तीन आठवडे पुरते. पहिले आठ आठवडे स्टार्टर, मग अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर, त्यानंतर लेयर. पिल्लांना लेयर खाद्य देऊ नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडावर बसतं. मिश्र वयाचा कळप एकत्र खात असेल तर सगळ्यांना ग्रोअर द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला लागतो ती बरोबर खाते.

शिंपल्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. तिसऱ्यांची किंवा कालवांची कवचं खारट पाणी जाईपर्यंत धुवा, उन्हात कडक वाळवा आणि ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे होतील असं कुटा. पीठ करू नका, जाड तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच बनताना कामी येतो.

घरातलं शिळं एकूण खाद्याच्या पंधरा टक्क्यांवर नको. भात, चपाती, भाजीचे देठ, कलिंगडाची साल चालते. वडापावचा पाव, फरसाण, लोणचं, पापड नको, मिठाने पातळ विष्ठा होते. बाजारातला जवळा-सुकटीचा चुरा हे स्वस्त प्रथिन आहे, पण न खारवलेला आणि मूठभरच. जास्त दिला की अंड्याला मासळीचा वास येतो आणि गिर्‍हाईक तुटतं.

पावसाळ्यात एका वेळी तीन आठवड्यांपेक्षा जास्त खाद्य आणू नका. झाकणाच्या ड्रममध्ये, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब ठेवा. गाठी झालेला किंवा कुबट वासाचा मका फेकून द्या. बुरशीचं विष उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही.

पावसाळ्यात खुराड्याला अमोनियाचा वास येतो. काय करावं?

वास नुसत्या विष्ठेमुळे नव्हे, ती ओली झाल्यामुळे येतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: छताची गळती, तिरप्या पावसाची झड, की कोंबड्यांनी सांडलेलं. बहुतेक वेळा तिसरं असतं. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर, विटांच्या ओट्यावर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवा, की सांडलेलं गादीत जाणार नाही. निपल (चोचीने दाबल्यावरच पाणी सोडणारी तोटी) लावले तर प्रश्नच मिटतो, आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो.

छताचा पत्रा भिंतीबाहेर निदान अडीच फूट काढा. ताडपत्री लावली तर वरचा फूटभर भाग उघडा ठेवा. पावसाच्या भीतीने चारी बाजू बंद केल्या की आतला दमटपणा बाहेरच्याहून जास्त होतो. कोंबडीचं नाक असतं गादीपासून वीतभर वर. तुम्ही उकिडवे बसून डोळे चुरचुरले तर तिचे दिवसभर चुरचुरताहेत.

गादी तुसाची, तीन-चार इंच, आठवड्यातून दोनदा खाली-वर करायची. ढेकळं झालेला भाग उचलून बाहेर काढा आणि तिथे कोरडं तूस टाका. दमट जागी विरलेल्या चुन्याची भुकटी मूठभर भुरभुरा, कोंबड्या बाहेर काढून. तपासायची पद्धत सोपी आहे: मूठभर गादी दाबा. लाडू वळला तर ओली, हात उघडताच मोकळी झाली तर ठीक. पावसाळ्याचं तूस मे महिन्यातच भरून ठेवा, जुलैत मिळतं ते ओलंच.

पिल्लं पिसं फुगवून उभी राहतात, विष्ठेत रक्त दिसतं.

रक्ती हगवण. पाण्यातून अँप्रोलियम, पाकिटावरच्या मात्रेने पाच ते सात दिवस, आणि दुसरं पाणी ठेवायचं नाही. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा. औषध जंतूला थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) मिळू न देऊन काम करतं, आणि तुम्हीच बी-कॉम्प्लेक्समधून थायमिन दिलं तर औषध फुकट. औषधाबरोबर गादी बदला, नुसत्या औषधाने आठवड्यात पुन्हा येईल.

मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये कोंबड्या धापा टाकतात.

कोंबडीला घाम येत नाही, ती धाप टाकून ओलावा बाहेर सोडते. मुंबईच्या दमट हवेत तो ओलावा नीट सुकत नाही, म्हणून इथले 35 अंश विदर्भातल्या कोरड्या 38 इतके जाचतात. छतावर नारळाच्या झावळ्या किंवा पांढरा चुना. खाद्य पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास, दुपारी नाही, कारण पचनाची ऊब वेगळी वाढते. पाणी सावलीत ठेवा. ते एरवीच्या दुप्पट, म्हणजे कोंबडीमागे अर्धा लिटरपर्यंत लागतं. दमट दिवशी फवारा मारण्यापेक्षा टेबलफॅन जास्त उपयोगी. मान टाकलेली कोंबडी साध्या पाण्यात छातीपर्यंत बुडवा, बर्फाच्या पाण्यात नको.

डिसेंबरमध्ये अंडी निम्म्यावर आली. आजार आहे का?

बहुधा नाही. मुंबईत डिसेंबरअखेर दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, आणि भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. शिवाय याच सुमारास वर्षाच्या कोंबड्या पिसं टाकतात. पहाटे चारच्या सुमारास टायमरवर 9 वॅटचा एलईडी लावा. इथे एलईडी चालतो, कारण ऊब नको, उजेडच हवा. संध्याकाळी उजेड वाढवू नका, दिवा एकदम बंद झाला की कोंबड्या अंधारात दांडी शोधत जमिनीवर राहतात.

तुरा पांढुरका, वजन घटलेलं आणि इतर दिवसांतही अंडी कमी असतील तर जंत किंवा उवा बघा. आणि झुडपात शोधा. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या केळीच्या बुंध्यात अंडी घालून ठेवतात आणि मालक डॉक्टर शोधत फिरतो.

खुडूक कोंबडीकडून पिल्लं काढायची तर किती अंडी ठेवू? आणि नको असेल तर?

गावठी कोंबडीखाली 10 ते 12. एका दिवसाच्या अंतराने नव्हे, सगळी एकदम, संध्याकाळी. मुंबईच्या खोलीतल्या तापमानात गर्भ अर्धवट वाढू लागतो, म्हणून पाच दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नका आणि निमुळतं टोक खाली ठेवून साठवा. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा: लाल शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ असेल तर काढा. पिल्लं एकविसाव्या दिवशी. मशीन असेल तर 37.5 अंश, अठराव्या दिवसापर्यंत आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास, पुढे 65 ते 70. पावसाळ्यात मशीनमध्ये वेगळं पाणी ठेवायची बहुतेकदा गरज नसते, मीटर बघूनच ठरवा.

पिल्लं नको असतील तर तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, गादीशिवाय, तीन-चार दिवस उजेडात ठेवा. पोटाला खालून वारा लागला की खुडूक उतरते.

मुंगूस, मांजर, घार यांच्यापासून रक्षण कसं?

षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश लावा, एक फूट जमिनीत गाडा. मुंगूस दीड इंचाच्या फटीतून शिरतो आणि एकाच फेरीत सगळ्यांच्या माना फोडतो. उत्तन-गोराईच्या खाऱ्या वाऱ्यात जाळी दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, म्हणून दर मेमध्ये हाताने ओढून बघा. आरे, येऊर, बोरिवलीच्या जंगलालगत बिबट्या आहे. तिथे संध्याकाळी सहानंतर कोंबड्या बाहेर नकोत, आणि दाराला कडी नव्हे, कुलूप.

घुशींचा बंदोबस्त हा वेगळा विषय नाही, तो खाद्याचा आहे. रात्री भांडी उचलून ड्रममध्ये टाका. सांडलेलं धान्य घुशी आणतं, आणि पावसात तुंबलेल्या पाण्यात घुशीच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो माणसांना होतो.

बर्ड फ्लूची बातमी आली की काय करायचं?

भारतात तो पहिल्यांदा 2006 मध्ये नवापूरला आढळला. मुंबईच्या जवळ 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि 2025 च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरमध्ये. म्हणजे हा दूरचा विषय नाही. कोंबड्या जाळीखाली बंद करा, कावळे-कबुतरांना त्यांच्या खाद्या-पाण्यापर्यंत पोचू देऊ नका आणि नवा पक्षी आणू नका.

दोन-तीन दिवसांत एकामागून एक मरू लागल्या, तुरे जांभळे पडले, तोंड सुजलं तर मेलेल्यांना हात लावू नका, पुरूही नका, 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. संसर्ग ठरला तर साधारण एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात. सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणून लपवून उपयोग नसतो. एखादीच कोंबडी मेली आणि बर्ड फ्लूची शक्यता नसेल तर ती बर्फात (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवून 24 तासांत शवविच्छेदनाला न्या. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा तालुक्याचा दवाखाना, आधी फोन करून.

विष्ठेचं काय करायचं?

वीस कोंबड्यांची रोज दोन-अडीच किलो. ताजी झाडाला घालू नका, मुळं जळतात. तूस आणि वाळल्या पानांबरोबर झाकलेल्या खड्ड्यात तीन महिने कुजवा, पंधरा दिवसांनी एकदा उलथा. नाल्यात टाकली तर शेजारी तक्रार करतील, आणि ती रास्त असेल.

दोन वर्षांच्या कोंबड्या ठेवाव्यात का?

पहिल्या वर्षाच्या मानाने दुसऱ्या वर्षी अंडी पाचव्या हिश्श्याने कमी होतात, पुढे आणखी. दरवर्षी कळपाचा तिसरा हिस्सा बदला, म्हणजे अंडी कधीच एकदम बंद होत नाहीत. कोण अंडी देते ते बोटांनी कळतं: गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकांमध्ये दोन-तीन बोटं मावली तर देते, एकच मावलं तर नाही. दोन आठवडे पायात रंगीत कडी घालून खात्री करा, मगच काढा. खुडूक किंवा पिसं टाकणारी कोंबडीही त्या चाचणीत नापास होते.

अंडी धुऊन ठेवावीत का?

विकायची असतील तर धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतलं की कवचावरचा थर निघतो आणि जंतू आत जातात. फारच माखलेलं असेल तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने धुऊन त्याच दिवशी घरात वापरा. थंड पाण्याने धुतलं तर आतली हवा आकसते आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. एप्रिल-मेमध्ये अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, दुपारचीही.